धरता येतं, सोडताही येतं!

पाहिल्यापासून कधी एकदा सांगते असं झालंय! बोटाएवढी प्लास्टिकची नळी. आत ई. कोलाय जिवाणूंच्या फोडलेल्या पेशींचा हिरवट रस आणि त्यात मिसळलेले तपकिरी, पिठासारखे बारीक मणी. थोडा वेळ नळी हळूहळू फिरवली, मग चुंबकाच्या स्टँडमध्ये खोचली, आणि डोळ्यांदेखत सगळे मणी चुंबकाकडच्या भिंतीवर जमा! हिरवा रंगही त्यांच्याबरोबर गेला!

हा रंग जीएफपीचा, म्हणजे एका जेलीफिशच्या चमकणाऱ्या प्रथिनाचा. १९६२ साली ओसामू शिमोमुरा आणि सहकाऱ्यांनी त्याची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा त्या कामासाठी समुद्रातून हजारो जेलीफिश गोळा करावे लागले होते. आता त्याचं जनुक घातलं की जिवाणूच ते रातोरात बनवतात. फक्त त्यांची स्वतःची हजारो प्रथिनंही त्यातच असतात. त्यांतून वेगळं काढता यावं म्हणून जीएफपीच्या टोकाला आधीच सहा हिस्टिडिन अमिनो आम्लांची शेपटी जोडलेली असते. मण्यांवरचे निकेलचे आयन तीच शेपटी धरतात. चुंबकाऐवजी मणी भरलेली उभी नळी, म्हणजे कॉलम, वापरायचा तर रस आधी सेंट्रिफ्यूज करून नितळ करावा लागतो, नाहीतर कॉलम तुंबतो. इथे पेशींचे तुकडे असले तरी मणी आपलं काम करत राहतात.

पकडणं तर छानच, पण मला खरं वेड लावलं ते सोडण्यानं! हिस्टिडिनमध्ये जे इमिडाझोलचं कडं असतं, तेच सुटं मिळतं. थोडंसं घालून धुतलं की उगाच चिकटलेली प्रथिनं निघून जातात. २५० मिलिमोलरच्या आसपास घातलं की निकेलवरच्या जागा ते स्वतःच बळकावतं आणि जीएफपी सुटतं. पुन्हा चुंबक लावला, तर या वेळी मणी भिंतीवर आणि हिरवा रंग पाण्यात! निळ्या दिव्याखाली धरलं तर काय लखलखतं!

मणीही तसेच. त्यांच्यातले लोहाच्या ऑक्साइडचे कण इतके बारीक, की चुंबक जवळ असेपर्यंतच त्यांना चुंबकत्व. तो दूर केला की ते मोकळे होऊन पुन्हा द्रवभर पसरतात.

मण्यांवर प्रोटीन ए बसवलं तर अँटिबॉडी धरता येतात, सिलिका असेल तर डीएनए आणि आरएनए. कोविडच्या चाचण्यांसाठी अनेक प्रयोगशाळांनी याच पद्धतीनं नमुन्यांतला आरएनए वेगळा केला. एवढ्या मोठ्या कामामागचं विज्ञान एका नळीत, नुसत्या डोळ्यांनी दिसतं! जीवशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे स्वतःच्या हातानं करायला मिळायलाच हवं.