उजवीकडचं बिऱ्हाड

रोज सकाळी नऊला आणि रात्री नऊला माझा मोबाइल वाजतो आणि पर्समधली डबी निघते. घरी, रिक्षात, मुंजीच्या पंगतीत, एकदा तर सिंहगडाच्या अर्ध्या वाटेवर. टॅक्रोलिमस. बारा तासांचं अंतर चुकवायचं नाही. लेकीला घड्याळातलं पहिलं काही कळलं असेल तर ते नऊ.

माझं लहानपण सदाशिव पेठेतल्या वाड्यात गेलं. मालक वर, आम्ही मागच्या दोन खोल्यांत. मालक कधी ना कधी ‘जागा खाली करा’ म्हणणार, हे सगळ्याच बिऱ्हाडांना माहीत असायचं. २०१४ साली आईची डावी किडनी माझ्या ओटीपोटात उजवीकडे बसवली, तेव्हा मला तो वाडा आठवला. लोकांना वाटतं, बिघडलेल्या किडन्या काढून तिथेच नवी बसवतात. तसं नसतं. माझ्या दोन्ही किडन्या पाठीमागे आपापल्या जागी आहेत, सुकलेल्या, काम सोडून बसलेल्या मालकांसारख्या. राबतं ते पुढच्या खोलीतलं नवं बिऱ्हाड. आणि इतकी वर्षं झाली तरी शरीर त्याला घरचं मानत नाही. या गोळ्या म्हणजे मालकाला दिवसातून दोनदा गप्प बसवणं.

‘पुनर्जन्मच की!’ असं कुणी म्हणालं की आई उठून आत जाते. फोनवर ती ‘कशी आहेस?’ विचारत नाही. ‘क्रिएटिनिन किती आलं गं?’ एवढंच. मी ‘एक पॉइंट एक’ म्हटलं की म्हणते, ‘बरं. भाजी काय केलीस?’

डायलिसिसच्या खोलीबाहेर बसून एक गोष्ट माझ्या डोळ्यांत भरली होती. किडनी द्यायला आलेल्या बहुतेक बायकाच. कुणाची आई, कुणाची बायको, कुणाची बहीण. १९९४ च्या कायद्यात जवळचे नातेवाईक म्हणून आई-वडील, भावंडं, मुलं, नवरा-बायको सगळे आहेत. २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबा आणि नातवंडंही आली. दार सगळ्यांना उघडं आहे, आत येतात त्या बायका. आमच्याही घरात दुसरं कुणी पुढे झालं नव्हतं. यावर आम्ही कधी बोललो नाही.

मूल हवं म्हटल्यावर डॉक्टरांनी दोन वर्षं थांबायला लावलं. मग मायकोफेनोलेट बंद करून अ‍ॅझाथायोप्रीन सुरू केलं, कारण आधीच्या औषधाने गर्भात व्यंग येऊ शकतं. पुन्हा थांबणं, पुन्हा रक्त. सासूबाई एकदाच म्हणाल्या, ‘तुला झेपेल तरच गं. मुलावाचून घर अडत नाही.’ त्या वाक्याने मला जेवढं बळ दिलं तेवढं कुठल्या रिपोर्टने दिलं नाही. त्या काळात अमेरिकेतल्या एडिथ हेल्मबद्दल वाचलं. तिला १९५६ मध्ये बहिणीने किडनी दिली आणि १९५८ मध्ये मूल झालं. बहीण अगदी सारखी जुळी, म्हणून शरीराने भांडण काढलं नाही. पुढे ती पन्नासहून जास्त वर्षं जगली.

माझं पोट वाढू लागलं तशी उजवीकडे गर्दी झाली. सोनोग्राफीत आधी बाळ दिसायचं, मग प्रोब जरा सरकवला की किडनी. लेक लाथ मारायची ती आजीच्या अंगालाच.

सातव्या महिन्यात दसरा आला, १८ ऑक्टोबर २०१८. त्या दिवशी आपल्या पुण्यातच, गॅलेक्सी केअर रुग्णालयात, डॉ. शैलेश पुणतांबेकरांच्या चमूच्या हातून एक मुलगी जन्मली. १४५० ग्रॅमची. बडोद्याहून आलेल्या तिच्या आईला २०१७ च्या मे महिन्यात स्वतःच्या आईचं गर्भाशय बसवलं होतं. असं जगातलं पहिलं बाळ २०१४ मध्ये स्वीडनला झालं, भारतातलं पहिलं हे. ज्या पिशवीत आई वाढली, त्याच पिशवीत लेक! मी बातमी मोठ्याने वाचून दाखवली. आई आपट्याची पानं डब्यात भरत होती. म्हणाली, ‘म्हणजे आजीला दोन बाळंतपणं घडली. डिंकाचे लाडू दोन्ही वेळा दिले का तिला कुणी?’

असं गर्भाशय कायम ठेवत नाहीत. एक-दोन मुलं झाली की काढतात, मग गोळ्याही थांबतात. ते बिऱ्हाड मुदतीचं. माझं राहील तितकं राहील.

लेक आता शाळेत जाते. माझ्या डाव्या मनगटावर डायलिसिससाठी केलेला फिस्टुला अजून गुणगुणतो. त्याला ती भुंगा म्हणते आणि झोपताना कान लावते. गणपतीत मंडईत पपनसं येतात. मला चालत नाहीत, त्याने औषधाची रक्तातली पातळी चढते. मी तिला सोलून देते आणि लगेच हात धुते.

उद्या रक्तातली टॅक्रोलिमसची लेव्हल तपासायची आहे. त्या दिवशी रक्त दिल्याशिवाय सकाळची गोळी घ्यायची नसते. मागे एकदा मी सवयीने गिळून बसले होते, म्हणून लेकीने डबीवर पाटी लावली आहे : ‘आधी रक्त, मग गोळी. कारण विचारू नये.’