डबा आतून सडतो

पिकअप गॅरेजात आली की मी लगेच गाडीखाली शिरत नाही. आधी मालकाला विचारतो, गाडी पळते कुठं? लोकांना हा प्रश्न उगाचचा वाटतो. "मिस्त्री, आवाज ऐका की, सायलेन्सरचा डबा फाटलाय. पट्टी मारा अन् सोडा." पट्टी मारायला कितीसा वेळ लागतो! पण ज्या कारणानं डबा फाटला ते कारण उद्या पहाटे पुन्हा गाडीत बसून निघणार असतं.

किकवी महामार्गावरचं गाव, त्यामुळे माझ्याकडे दोन तऱ्हेच्या पिकअप येतात. एक रात्री भाजी भरून कात्रजमार्गे पुण्याच्या मार्केट यार्डात जाणारी, नाहीतर शिरवळ ओलांडून खंबाटकी चढणारी. दुसरी दुधाची. ती या वाडीवर थांबते, दोन कॅन चढवते, पुढच्या वस्तीवर पुन्हा थांबते आणि संकलन केंद्रावर रिकामी होऊन घरी येते. तिचे किलोमीटर कमी, म्हणून मालकाला वाटतं आपण गाडी जपली. सायलेन्सर मात्र तिचाच आधी जातो.

याचं कारण पाणी. एक लिटर डिझेल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. लांब पल्ल्याच्या गाडीत पाइप तापलेला असतो, वाफ सरळ बाहेर पडते. दुधाच्या गाडीचा डबा नीट तापायच्या आत इंजिन बंद होतं, आणि भाताच्या पातेल्यावरच्या ताटलीला सुटतो तसा त्याला आतून घाम सुटतो. त्यात इंधनातलं गंधक मिसळलं की ते पाणी आम्लधर्मी होतं. सरकारच्या बीएस-३ मानकाच्या डिझेलमध्ये दहा लाख भागांत ३५० भागांपर्यंत गंधक चालायचं, बीएस-४ मध्ये ५० आणि एप्रिल २०२० पासून बीएस-६ मध्ये १०. आम्ल घटलं, पाणी तेवढंच राहिलं. म्हणून बाहेरून रंग धड असलेल्या डब्यावर पान्यानं टिचकी मारावी. टणत्कार आला तर ठीक, भद्द आवाज आला तर आत भुगा झालाय.

बऱ्याच डब्यांना खालच्या बाजूला एक बारीक भोक कंपनीनंच ठेवलेलं असतं, साचलेलं पाणी ठिबकून जावं म्हणून. लोक ते गळती समजून वेल्डिंगनं बुजवून आणतात. ते पाहिलं की माझं डोकं फिरतं.

दुधाच्या गाडीला नवा डबा घालायचा तर पैसे धातूवर घालावेत, आवाजावर नाही. साधा पत्रा स्वस्त. ॲल्युमिनियमचा थर दिलेला पत्रा त्याहून टिकतो. ३०४ नंबरचं स्टेनलेस स्टील सगळ्यांत टिकाऊ, पण इथं फसवणूकही भरपूर. गिऱ्हाईक खिशातून लोहचुंबक काढतो, चिकटलं नाही की खूश. २०२ नंबरच्या स्टीललाही चुंबक फारसं चिकटत नाही. त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त असतं, आणि ते लवकर गंजतं. उलट कंपन्या सायलेन्सरला ४०९ वापरतात, त्याला चुंबक सपकन चिकटतं, तरी ते चांगलं काम देतं. चुंबकावर भरवसा ठेवण्यापेक्षा पक्क्या बिलावर ठेवावा.

३०४ बसवताना आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. ते तापलं की साध्या पोलादापेक्षा जास्त वाढतं. दोन मीटरचा पाइप ३०० अंशांनी तापला तर साधारण एक सेंटिमीटर लांब होतो. खंबाटकीच्या चढावर भरलेली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रेंगाळते तेव्हा हा पाइप खाली अक्षरशः सरकत असतो. त्याला सरकायला जागा हवी, म्हणून तर टर्बोच्या पुढं बेलो, म्हणजे लवचिक जोड, असतो आणि पाइप रबरी हँगरवर टांगलेला असतो. रबर तुटलं की वाटेतला कुणीतरी तारेनं आवळून देतो, किंवा सरळ चासीला वेल्ड मारतो. मग वाढणाऱ्या पाइपाचा सगळा जोर फ्लँजवर येतो आणि चीर तिथंच पडते. गाडी माझ्याकडे येते तेव्हा तक्रार टर्बोची असते. दोष असतो वीस-तीस रुपयांच्या रबराचा.

जोडकामाचं थोडक्यात. स्टेनलेस साध्या लोखंडाला जोडायचं तर ३०९ ची कांडी. वेल्डिंगआधी बॅटरीची तार काढायची, नाहीतर इंजिनाचा कॉम्प्युटर जाऊ शकतो. आणि पाण्याच्या जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या, पाइपाचा तुकडा सायलेन्सरच्या शेपटीला कधीच जोडायचा नाही. जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून अंग दुखतं. वर गूळ खा, दूध प्या, असं सांगणारे भेटतात. त्यापेक्षा दार उघडं ठेवा, पंखा लावा आणि तो पाइपच नको म्हणा.

मोठा पाइप घाला, हा हट्ट पोरांचा. टर्बोच्या पुढं वाट मोकळी असली तर इंजिनाला बरं, हे खरं आहे. दोन इंचांचा पाइप अडीच केला की आतली जागा दीडपटीहून जास्त होते. पण पोरांना जागा नको असते, गर्जना हवी असते. "मिस्त्री, आतली जाळीच काढून टाका ना." जाळी म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ज्यावर प्लॅटिनम-पॅलेडियमचा मुलामा असतो. भंगारवाला तिचीच वाट बघत असतो. पीयूसीच्या यंत्राला ती काढलेली कळेलच असं नाही, कारण डिझेल गाडीच्या धुराचा तिथं फक्त काळेपणा मोजतात, बीएस-४ ला मर्यादा ५० हार्ट्रिज एकक. त्या मोजणीत कार्बन मोनॉक्साइड येत नाही, अन् अर्धवट जळलेल्या इंधनाचा उग्र वासही येत नाही. तो येतो मागं हौद्यात बसलेल्या मजुरांच्या डोळ्यांत. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर आवाज-प्रदूषणाच्या गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड आहे, लायसन्सही तीन महिने जातं. एवढं सांगून पोरानं ऐकलं तर ऐकलं. नाही ऐकलं तर शिरवळपर्यंत त्याला दुसरा मिस्त्री सापडतोच.

काम झालं की मी सांगतो, आठवडाभर पळवा आणि फ्लँजचे नट पुन्हा आवळून घ्यायला या. नवं गास्केट तापून बसतं, नट थोडे सैल पडतात. भाजीवाले येतात, कारण त्यांना घाटात फुरफुर ऐकू येते. दूधवाल्यांना फोन करावा लागतो.