देवाला काही कमी नाही

गेले काही महिने मी भेटेल त्याला एकच गोष्ट सांगत सुटले आहे. ख्रिस्ती लोक रविवारी चर्चमध्ये जमून नेमकं काय करतात, ते एकदा आत बसून पाहा! बाहेरून दिसणारी कमान, नाताळचा तारा, फेस्ताची फेरी, मिठाईचं ताट हे सगळं आपण मालवणकरांनी लहानपणापासून पाहिलेलं असतं. दोदोल खाल्लेलं असतं, नेवऱ्या खाल्लेल्या असतात. पण आत जे चालतं ते इतकं विलक्षण, इतकं जुनं आणि इतकं विचारपूर्वक रचलेलं आहे, हे मला माहीतच नव्हतं. आता कळलंय, आणि राहवत नाही.

सुरुवात एका साध्या प्रश्नाने झाली. शेजारच्या आंटी दर रविवारी, पाऊस असो वा ऊन, मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, निघतात. एकदा कुंपणाजवळ उभं राहून मी विचारलं, "आंटी, दर आयतारी देवाक काय सांगतास ओ एवढा?" त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "सांगूक नाय गो जाणंव, बाय. देवाक आमची गरज नाय. आमकाच त्याची गरज आसा." आणि पुढे, "ये मगे एकदा. बस मागच्या बाकावर."

मी गेले. आणि आंटींच्या "देवाक आमची गरज नाय" या एका वाक्यात अख्खं ख्रिस्ती उपासनाशास्त्र आहे, हे मला नंतर वाचताना समजलं. कॅथलिक मिस्सेच्या पुस्तकात महाप्रार्थनेच्या, म्हणजे भाकर-द्राक्षारसावरच्या मुख्य प्रार्थनेच्या, सुरुवातीला म्हणायच्या अनेक प्रस्तावना असतात. त्यातल्या एकीचा आशय असा आहे की, देवा, तुला आमच्या स्तुतीची गरज नाही. आमचं आभार मानणंसुद्धा तुझीच देणगी आहे. आमच्या स्तुतीने तुझ्या थोरवीत काडीची भर पडत नाही, पण आमचं मात्र कल्याण होतं. हे देवाच्या समोर उभं राहून, मोठ्याने म्हणायचं! म्हणजे उपासना ही देवाला खूश करण्याची युक्ती नाही, देवाणघेवाण नाही, हे उपासनेच्या आतच सांगून टाकलेलं आहे. मी हे वाचलं त्या दिवशी अर्धा तास तरी दुसरं काही सुचलं नाही.

मग उपासनेचा हेतू काय? तो मला मिस्सेच्या क्रमातच सापडला.

पहिल्यांदा सगळे मिळून चूक कबूल करतात. विचाराने, बोलण्याने, करण्याने झालेली चूक तर आहेच, पण जे चांगलं करायला हवं होतं आणि केलं नाही त्याचीही कबुली देतात, छातीवर हात मारून. बोट मालक, तांडेल, शिक्षिका, कॉलेजची पोरं, सगळे एका ओळीत. वेदीपाशी उभे असलेले फादरसुद्धा स्वतःचं पाप त्याच शब्दांत कबूल करतात. त्यानंतर वाचनं. रविवारी जुन्या करारातलं एक, एक स्तोत्र, प्रेषितांच्या पत्रांतलं एक आणि शेवटी शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या जीवनाची कथा. शुभवर्तमानाला सगळे उठून उभे राहतात. ही वाचनं फादर आपल्या मनाने निवडत नाहीत. तीन वर्षांचं चक्र ठरलेलं आहे: एक वर्ष मुख्यतः मत्तयाचं शुभवर्तमान, एक वर्ष मार्कचं, एक लूकचं. मालवणात त्या सकाळी जो उतारा वाचला गेला, तोच वसईत, मनिलात, लागोसमध्ये वाचला गेला. खाडीपलीकडे न गेलेली एखादी म्हातारी त्या तासाभरात साऱ्या जगाबरोबर एकच गोष्ट ऐकत असते.

मग येते सर्वांसाठीची प्रार्थना. इथे मी ताठ बसले. एक जण पुढे येऊन एकेक मागणं मांडतो: आजाऱ्यांसाठी, राज्यकर्त्यांसाठी, समुद्रावर गेलेल्यांसाठी, गावातल्या मयतांसाठी. आणि प्रत्येक मागण्यानंतर अख्खी मंडळी एका आवाजात साथ देते. अहो, हे आपलं गाऱ्हाणंच! देवळात गावकार "बा देवा म्हाराजा" म्हणून सुरू करतो आणि सारा गाव "होय म्हाराजा" म्हणतो, तीच रीत, तीच सामूहिक हमी. एकट्याचं मागणं गावाचं होऊन जातं. आपल्या मातीतल्या माणसाला ही उपासना परकी वाटूच शकत नाही, असं मला त्या क्षणी ठामपणे वाटलं आणि आजही वाटतं.

पण कळस पुढे आहे. लोकांमधूनच दोघं-तिघं मागून भाकर आणि द्राक्षारस घेऊन वेदीपाशी येतात. गहू आणि पाणी, एवढंच त्या पातळ पांढऱ्या भाकरीत असतं. खमीर नाही, मीठ नाही. फादर ती उचलून देवाचे आभार मानतात ते जमिनीने दिलेल्या दाण्याबद्दल आणि माणसाच्या हातांनी केलेल्या कष्टाबद्दल, दोन्हींबद्दल एका दमात. कष्ट वेदीवर ठेवले जातात! मग चषकातल्या द्राक्षारसात पाण्याचा एकच थेंब टाकतात, इतका छोटा की मागच्या बाकावरून दिसतही नाही. मी पुढच्या वेळी मुद्दाम पुढे बसून पाहिला. तो थेंब द्राक्षारसात मिसळतो आणि पुन्हा वेगळा काढता येत नाही. माणसाने देवाच्या जीवनात तसंच मिसळून जावं, ही त्या थेंबामागची प्रार्थना. फादर ती पुटपुटत म्हणतात, लोकांना ऐकूही येत नाही. मग येशूच्या शेवटच्या भोजनाची कथा, त्याचेच शब्द, आणि थोड्या वेळाने मोठी भाकर मोडतात. माईक जवळ असला तर तो "कट्" आवाज चर्चभर ऐकू येतो. येशू क्रुसावर गेला ते हेच, स्वतःला मोडून वाटणं, असं ख्रिस्ती श्रद्धा मानते. दर रविवारी तेच वेदीवर समोर येतं आणि लोक ते खातात. पाहत बसायचं नाही, खायचं! देव खाण्याइतका जवळ येतो, हा विचार माझ्या डोक्यात अजून घोळतो आहे.

आणि भाकर मोडायच्या आधी काय होतं? सगळे शेजाऱ्याकडे वळून शांती देतात. हात जोडून, हात हातात घेऊन, मान लववून. बोलणं बंद असलेले दोन भाऊ एका बाकावर आले तर त्यांनाही वळावं लागतं. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो की, अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. स्वतःच्याच दारातून परत पाठवणारा देव! जुन्या करारातला आमोस संदेष्टा तर त्याच्याही कितीतरी शतकं आधी सांगून गेला होता की न्याय नसेल तर तुमचे सण आणि तुमची गाणी देवाला नकोत.

हा क्रम किती जुना आहे ते शोधायला गेले आणि थक्कच झाले. इसवी सन 112 च्या सुमाराला आजच्या तुर्कस्तानातल्या बिथिनियाचा रोमन सुभेदार प्लिनी सम्राट ट्राजनला पत्र लिहितो: हे ख्रिस्ती लोक ठरल्या दिवशी पहाटे जमतात, ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने गातात आणि शपथ घेतात. कट करायची नव्हे. चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही, ठेव परत मागितली तर नाकारणार नाही, अशी. त्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याची ही नोंद आहे! आणि 155 च्या आसपास रोममध्ये जस्टिन नावाचा ख्रिस्ती विचारवंत सम्राटाला समजावून सांगतो की रविवारी गावातले आणि शेतावरचे सगळे एकत्र येतात, ग्रंथ वाचतात, उपदेश होतो, उभं राहून प्रार्थना होते, भाकर आणि द्राक्षारस आणला जातो, आभार मानले जातात, सगळे खातात, जे येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी वाटा पोचवला जातो, आणि जमलेला निधी अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परगावच्या पाहुण्यांसाठी ठेवला जातो. मी हे वाचलं आणि मालवणातला रविवार डोळ्यांसमोर आला. अठराशेहून अधिक वर्षं, आणि क्रम तोच! आंटी आजही मिस्सेनंतर अंथरुणाला खिळलेल्या एका बाईकडे जातात, आणि फादर तिच्यासाठी ख्रिस्तप्रसाद, म्हणजे वेदीवरची तीच भाकर, घेऊन येतात.

आपल्या किनाऱ्याचा आणि या उपासनेचा संबंध तर काय सांगू! 1579 मध्ये थॉमस स्टीफन्स नावाचा, जेज्विट धर्मसंघाचा एक इंग्रज गोव्यात उतरला, आपली भाषा शिकला आणि त्याने बायबलची कथा मराठी ओवीत बांधली. ते ख्रिस्तपुराण 1616 मध्ये राशोलला छापलं गेलं. दहा हजारांहून अधिक ओव्या. लोकांना पुराण ऐकायची सवय होती, म्हणून त्यांना त्यांच्या भाषेत, त्यांच्या छंदात पुराण दिलं, आणि ते चर्चमध्ये रविवारी, सणावारी गायलं जाऊ लागलं. वेदीवरची प्रार्थना तेव्हा लॅटिन होती, पण लोकांच्या तोंडी ओवी होती! ज्ञानेश्वरांची ओवी, एकनाथांची ओवी, आणि तिसरी ही. पुढे गोव्यातून बाहेर पडलेली अनेक ख्रिस्ती कुटुंबं सावंतवाडी संस्थानात स्थिरावली. सावंतवाडीचं मिलाग्रिस चर्च आज सिंधुदुर्ग धर्मप्रांताचं कॅथेड्रल आहे. हा धर्मप्रांत पुणे धर्मप्रांतातून वेगळा होऊन 2005 मध्ये झाला. आणि कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर 1963 मध्ये उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर केला तेव्हापासून वेदीवरही लोकभाषेचं दार उघडलं. त्या दस्तऐवजाचा गाभा एकच: लोकांनी समजून, मनापासून, स्वतः भाग घ्यावा. मुके प्रेक्षक म्हणून बसू नये.

प्रोटेस्टंट मंडळींची उपासना वेगळी, वेदीपेक्षा वचनाला आणि गाण्याला तिथे अधिक जागा. पण तिथेही आपलं कोकण आहेच! रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात जन्मलेल्या नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि मराठी चर्चला अभंग, भजन, कीर्तन दिलं. परक्या चालींवर मराठी शब्द कोंबलेली गाणी त्यांना पुरेशी वाटली नाहीत. टाळ-मृदंगाच्या साथीने येशू गायला जाऊ शकतो, हे त्यांनी करून दाखवलं, आणि ती पदं मराठी मंडळ्यांत आजही गातात. आणि वेंगुर्ल्याचं सेंट ल्यूक्स हॉस्पिटल विसरून कसं चालेल? अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. गोहीन यांचं ते काम. उपासनेतून उठून माणूस कुठे जातो, ते तिथे दिसतं.

आता पुन्हा आंटींच्या चर्चकडे येते, कारण एक गोष्ट जवळून दाखवल्याशिवाय मला राहवत नाही. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, येशूच्या यरुशलेमप्रवेशाची आठवण करतात. आपल्याकडे त्यासाठी माडाची कोवळी, पिवळसर झावळी आणतात. आंटींनी माझ्यासमोर एका पातीची घडी घातली, ती स्वतःभोवती फिरवली, टोक खोचलं, आणि बोटभर क्रूस तयार! मिस्सेत त्याच्यावर आशीर्वाद होतो, मग तो वर्षभर घरात देवाजवळ राहतो. पिवळसर होता तो तपकिरी होतो, मग कुरकुरीत. पुढच्या वर्षी उपवासकाळाच्या तोंडावर घरोघरचे हे क्रूस चर्चमध्ये परत गोळा होतात, जाळले जातात आणि त्यांची राख राखेच्या बुधवारी प्रत्येकाच्या कपाळाला लावली जाते: तू माती आहेस आणि मातीला मिळणार. गेल्या वर्षीचा जयजयकार या वर्षीची राख! त्यानंतर चाळीस दिवसांचा उपवास, पवित्र गुरुवारी बारा जणांचे पाय धुणं, शुक्रवारी मिस्सा होतच नाही, आणि शनिवारी रात्री काळोखात एक मेणबत्ती, तिच्यावरून दुसरी, तिसरी, अख्खं चर्च उजळेपर्यंत. उपासना म्हणजे पूर्ण वर्ष जगायची रीत आहे, हे मला त्या झावळीने शिकवलं.

आणि मिस्सेचा शेवट! फादर आशीर्वाद देतात आणि लोकांना अक्षरशः घरी धाडतात: जा, आणि जगण्यातून देवाचा गौरव करा. तासाभराची सगळी तयारी या पाठवण्यासाठी असते. कबुली दिली, ऐकलं, मागितलं, अर्पण केलं, समेट केला, एका भाकरीतून खाल्लं, आता बाहेर पड आणि तसंच वाग. पौल प्रेषित रोमकरांना लिहितो की आपलं शरीरच जिवंत यज्ञ म्हणून द्या, हीच खरी उपासना. सोमवारी मासळीच्या लिलावात खरं वजन लावणं, हीही त्याच उपासनेची पुढची ओळ.

तेव्हा मालवण, सावंतवाडी, वेंगुर्ला, जिथे असाल तिथल्या चर्चमध्ये एका रविवारी जाच. आधी फादरना विचारा, कुणी अडवत नाही. चपला काढायच्या की नाही ते दारातल्या लोकांकडे पाहून ठरवा, मोबाईल बंद ठेवा, मागच्या बाकावर बसा, सगळे उठले की उठा. ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत मात्र जाऊ नका. तो बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठी आहे, आणि त्यांच्या श्रद्धेचा तो मान ठेवायलाच हवा. शांती देताना शेजारचा तुमच्याकडे वळेल, तेव्हा तुम्हीही वळा. आणि मिस्सा संपल्यावर लगेच पळू नका. दारात उभ्या असलेल्या एखाद्या आंटीला विचारा की हे सगळं कशासाठी. तिला सांगायला आवडेल.