मातीचे डोहाळे

‘डोहाळे’ हा शब्द आपल्या घरांतून इतक्या कौतुकानें उच्चारला जातो कीं, त्यामागें शरीराची कांहीं खरीखुरी मागणी असेल, हा विचार सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. दोहद, दौहृद या संस्कृत शब्दांच्या कुळांतला हा शब्द. चौथ्या महिन्यांत गर्भाचें हृदय व्यक्त होतें, म्हणून गर्भिणी ही दोन हृदयांची असते आणि तिच्या मुखानें गर्भच आपली इच्छा बोलून दाखवितो, अशी सुश्रुताची उपपत्ति आहे. ती इच्छा डावलल्यास मूल व्यंग निपजतें, असेंहि त्यानें म्हटलें आहे. आजच्या शास्त्रास हें मान्य नाहीं. चिंचेचें बुटुक न मिळाल्यानें कोणाचें मूल लंगडें होत नाहीं. परंतु या समजुतीनें शतकानुशतकें एक चांगलें काम केलें, हें कबूल केलें पाहिजे. ज्या घरांत सुनेनें आपल्या तोंडानें कांहीं मागण्याची सोय नव्हती, त्या घरालाहि निदान चार-पांच महिने ‘तुला काय खावेंसें वाटतें?’ हा प्रश्न तिला विचारणें भाग पडलें.

मात्र डोहाळे पुरविणें आणि डोहाळे समजून घेणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हा फरक मला ज्या एका डोहाळ्यानें शिकविला, त्याबद्दल आज लिहावयाचें आहे. तो म्हणजे मातीचा डोहाळा.

आमचें घर पुण्यांतलें; तीन पिढ्यांचीं अकरा माणसें एका छपराखालीं नांदतात. धाकट्या जाऊबाईंच्या सुनेला पांचवा महिना लागला होता. ती एका बँकेंत नोकरी करते. एके दिवशीं तिच्या खोलींत धुतलेले कपडे ठेवावयास गेलें, तों फडताळांत पाटीवरच्या पेन्सिलींचा डबा दिसला. आमच्या घरांत सध्यां पाटी गिरविणारें मूल कोणी नाहीं. विचारलें तेव्हां ती लाजून म्हणाली, “काकू, रोज दोन-तीन तरी खाल्ल्याशिवाय चैनच पडत नाहीं. तुम्ही कोणाला सांगूं नका.” पण अशा गोष्टी एकत्र कुटुंबांत किती दिवस लपणार? दोन दिवसांत त्या सर्वांना कळल्या. आमचे थोरले दीर संस्कृतचे प्राध्यापक होते. त्यांना लगेच ‘रघुवंशा’चा तिसरा सर्ग आठवला. तेथें दिलीप राजाची राणी सुदक्षिणा गर्भवती असतां माती खाते, तिच्या मुखाला येणारा मातीचा सुगंध राजाला अवीट वाटतो, आणि पुढें पृथ्वीचा उपभोग घेणारा पुत्र होणार म्हणून आईनें ती आधींच चाखून पाहिली, अशी सुंदर कल्पना कालिदासानें केली आहे. जाऊबाई हें ऐकून मनापासून सुखावल्या. घरांत हंसें पिकलें.

मला तेवढें हंसूं आलें नाहीं. माझी एक मावशी रत्नागिरी जिल्ह्यांतल्या एका खेड्यांत दिलेली होती. मी दहा वर्षांची असतांना, १९६४ सालीं, सुट्टींत तिच्याकडे गेलें होतें. ती तिसऱ्या खेपेस गरोदर होती. सारवलेल्या चुलीचे पोपडे काढून ती हळूच तोंडांत टाकी. विहिरीवरून पाणी आणतांना तीन पायऱ्या चढली कीं धाप लागून खालीं बसे. तिचीं नखें कागदासारखीं पांढरीं होतीं, हें मला अजून स्पष्ट आठवतें. बाळंतपणांत रक्तस्राव झाला आणि उजाडण्यापूर्वीं ती गेली. समाचाराला आलेलीं माणसें म्हणत होतीं, “बिचारीच्या अंगांत रक्तच नव्हतें.” बोलण्याची एक रीत म्हणून तें वाक्य उच्चारलें जात होतें. तें अक्षरशः खरें होतें, हें मला पुष्कळ वर्षांनीं कळलें.

म्हणून मी सूनबाईला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेलें. तिसऱ्या महिन्यांत तिचें हिमोग्लोबिन १०.४ होतें, आतां तें ८.३ वर आलें होतें. गर्भवतीच्या शंभर मिलिलिटर रक्तांत तें निदान ११ ग्रॅम असावें, ७ ते ९.९ हा मध्यम रक्तक्षय आणि ७ च्या खालीं तीव्र, असें गणित आहे. पेन्सिलींची हकीकत ऐकून डॉक्टरीणबाई मुळींच हंसल्या नाहींत. माती, खडू, राख, कच्चे तांदूळ, बर्फ अशा वस्तूंची अनावर ओढ लोहाची उणीव असलेल्यांत पुष्कळ आढळते, आणि लोह भरून आलें कीं ती बहुधा आपोआप नाहींशी होते, असें त्यांनीं सांगितलें. खेदाची गोष्ट ही कीं, शरीर लोह मागतें आणि माणूस त्याला माती देतो. त्या मातीमुळें अन्नांतलें लोह उलट कमी शोषलें जातें; शिवाय तिच्यांतून जंतांचीं अंडीं आणि क्वचित् शिशासारखें विषहि पोटांत जातें.

रक्त एवढें कां उतरतें? गरोदरपणांत रक्तांतला पातळ भाग जवळजवळ निम्म्यानें वाढतो, पण तांबड्या पेशी त्या मानानें कमी वाढतात. म्हणून थोडी घट स्वाभाविक आहे. पण या नऊ महिन्यांत स्त्रीला एकंदर सुमारें १,००० मिलिग्रॅम लोह लागतें. त्यांतलें ३०० च्या आसपास गर्भ व वार यांना जातें आणि ५०० च्या आसपास आईचें वाढीव रक्त तयार होण्यास खर्ची पडतें. मासिक पाळीनें आधींच रिकामी झालेली शिल्लक एवढा खर्च कोठून भागविणार? आणि ही केवळ गरिबांच्या घरची कहाणी नव्हे. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत आपल्या देशांतल्या गर्भवतींपैकीं शेंकडा ५२ स्त्रियांना रक्तक्षय असल्याचें आढळलें.

रक्तक्षयाचें कारण दर वेळीं लोहच असतें असें नाहीं. या विषयाचा एक धागा आपल्या मुंबईशीं जोडलेला आहे. लुसी विल्स या इंग्रज डॉक्टरीणबाई १९२८ सालीं मुंबईस आल्या आणि गिरण्यांत काम करणाऱ्या गर्भवती स्त्रियांच्या रक्तक्षयाचा त्यांनीं अभ्यास केला. यीस्टपासून होणारा मार्माईट हा साधा, स्वस्त पदार्थ दिल्यानें तो रक्तक्षय बरा होतो, हें त्यांनीं १९३१ सालीं प्रसिद्ध केलें. पुढें १९४१ सालीं पालकाच्या पानांतून तें गुणकारी द्रव्य वेगळें काढण्यांत आलें आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्यास फॉलिक ॲसिड हें नांव मिळालें. आज आपल्या सुना-मुली जी गोळी घेतात, तिच्यांत परळ-लालबागच्या बाजूच्या त्या अनाम कामकरणींचा असा वांटा आहे. बाळाचा मेंदू व मज्जारज्जू ज्या नळींतून घडतात, ती गर्भधारणेनंतर चार आठवड्यांतच मिटते. म्हणून फॉलिक ॲसिड दिवस राहण्यापूर्वींच सुरू करावें लागतें. शाकाहारी घरांनीं आणखी एक ध्यानांत ठेवावें. बी-१२ हें जीवनसत्त्व भाजीपाल्यांतून मिळत नाहीं. दूध-दही नेमानें घ्यावें आणि डॉक्टरांना त्याची तपासणी करावयास सांगावी.

सरकारी योजनेंत चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज एक गोळी देतात. तींत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतें. बाळंतपणानंतरहि ती तितकेच दिवस घ्यावयाची असते. सूनबाईला गोळ्या मिळालेल्या होत्या. पण सकाळच्या चहाबरोबर ती त्या घेई, त्यामुळें मळमळे, म्हणून अधून-मधून चुकवी. चहानें लोहाचें शोषण घटतें. दूध आणि कॅल्शियमची गोळी यांनींहि तेंच होतें. डॉक्टरीणबाईंनीं मात्रा दुप्पट केली. गोळ्या जेवणानंतर लिंबाच्या पाण्याबरोबर घ्याव्या, कॅल्शियम निराळ्या वेळीं घ्यावें, चहा जेवणापासून तास-दीड तास दूर ठेवावा, असें बजावलें. शौचास काळें होणें हा त्या गोळीचा गुणधर्म आहे, त्यास भिऊं नये. बद्धकोष्ठ वाटल्यास पाणी, भाजी आणि चालणें वाढवावें. दुसऱ्या तिमाहींत जंतांची एक गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानें घ्यावी.

येथवरचें सारें औषधाच्या दुकानांत मिळतें. जें तेथें मिळत नाहीं, तें आमच्या स्वयंपाकघरांत होतें. सूनबाईचें ताट पाहिलें, तेव्हां एक गोष्ट उमगली. सकाळीं साडेआठास ती दोन घांस खाऊन निघे. रात्रीं पुरुषांचें व मुलांचें जेवण झाल्यावर बायका बसत. त्यांत सर्वांत धाकटी म्हणून ती वाढीत राही व शेवटीं बसे. तेव्हां पातेल्यांत उसळीचा रस्सा असे, मोड आलेली मटकी नसे. पालेभाजी चमचाभर असे, कोशिंबीर संपलेली असे. आमच्याकडे कोणी कोणास उपाशी ठेवीत नाहीं. भात, पोळी, तूप मुबलक असतें. परंतु ज्यांत रक्त बनविण्याचा ऐवज आहे, तेंच पंगतीच्या शेवटापर्यंत पोंचत नव्हतें.

मी म्हटलें, हिला पहिल्या पंगतीला बसवूं या. जाऊबाईंना तें लागलें. डोळ्यांत पाणी आणून त्या म्हणाल्या, “आम्ही नाहीं का शेवटीं जेवलों, वहिनी? आमचीं मुलें नाहीं का झालीं?” या प्रश्नाला सडेतोड उत्तर देणें मला क्रूरपणाचें वाटलें. मी एवढेंच म्हटलें कीं, पुढच्या तपासणीला तुम्हीहि बरोबर चला आणि आपलेंहि रक्त दाखवा. त्या आल्या. त्यांचें हिमोग्लोबिन ९.६ निघालें. कित्येक वर्षें त्यांना थकवा येई, धाप लागे. ‘वय झालें’ म्हणून त्या सोसत होत्या. तो कागद त्यांनीं बराच वेळ हातांत धरला होता. तीस वर्षांच्या शेवटल्या पंगतींचा हिशेब त्यावर एका आंकड्यांत लिहिलेला होता. त्यानंतर कोणी कांहीं बोलावें लागलें नाहीं. दुसऱ्या दिवसापासून जाऊबाई स्वतःच सुनेचें ताट आधीं वाढूं लागल्या आणि तिच्या शेजारीं आपलेंहि ठेवूं लागल्या.

आतां त्या ताटाबद्दल. ‘दोन जिवांची आहेस, दोघांचें जेव’ हा उपदेश प्रेमाचा असला तरी बरोबर नाहीं. नेहमीच्या आहाराहून दिवसाकांठीं सुमारें ३५० कॅलरी अधिक पुरतात. म्हणजे एखादी भाकरी, वाटीभर उसळ आणि कपभर दूध. नऊ महिन्यांत दहा ते बारा किलो वजन वाढणें सर्वसाधारणपणें ठीक. बाजरी, माठ, राजगिऱ्याचा पाला, हरभऱ्याचा पाला, मोड आलेलीं कडधान्यें, तीळ, खजूर हे लोहाचे घरगुती सांठे आहेत. त्यांवर लिंबू पिळलें किंवा जोडीला आवळा, पेरू दिला, तर तें लोह अंगीं लागतें. आमटी-भाजी लोखंडी कढईंत केली तर तिच्यांतहि लोह उतरतें. जळजळ वा मळमळ असल्यास तीन मोठ्या जेवणांऐवजीं थोडें थोडें पांच-सहा वेळां द्यावें. मात्र एकदां रक्त बरेंच उतरलें कीं नुसत्या आहारानें तें वेळेवर भरून येत नाहीं. गोळी चुकवूं नये.

विश्रांति हाहि आहाराचाच भाग समजावा. रात्रीं आठ तास झोंप, दुपारीं शक्य तर दोन तास आडवें होणें. सातव्या महिन्यानंतर उताणें न निजतां कुशीवर निजावें व पायांत एक उशी घ्यावी. रोज थोडें चालावें. परंतु डोकें एकसारखें दुखणें, दृष्टि अंधुक होणें, चेहऱ्यावर व हातांवर एकाएकीं सूज येणें, रक्त किंवा पाणी जाणें, बाळाची हालचाल मंदावणें यांपैकीं कांहीं दिसल्यास ‘सकाळीं पाहूं’ म्हणूं नये. त्याच घटकेस रुग्णालय गांठावें.

तीन आठवड्यांत पेन्सिलींची ओढ ओसरली. डबा तसाच पडून राहिला. दोन महिन्यांनीं हिमोग्लोबिन १०.५ झालें. दिवस भरल्यावर सुखरूप मुलगी झाली, वजन २ किलो ८०० ग्रॅम. आमच्या दिरांनीं कालिदासाची बाजू सोडली नाहीं. पृथ्वीचा उपभोग पुत्रानेंच घ्यावा असें कोणी सांगितलें, म्हणाले.

सातव्या महिन्यांत आम्ही डोहाळजेवणहि थाटानें केलें. फुलांची वाडी भरली, झोंपाळा सजविला, गाणीं म्हटलीं. या सोहळ्याला माझा विरोध नाहीं. त्यांत सुनेचा जो मान आहे, तो तिला मिळावाच. पण तो एका दिवसाचा मान आहे, आणि गर्भ वाढतो तो रोजच्या साध्या ताटावर. चरकानें गर्भिणीस कांठोकांठ भरलेल्या तेलाच्या भांड्याची उपमा देऊन, जराहि न हिंदकळतां तिला जपावें असें सांगितलें आहे. तें भांडें फुलांनीं सजवावें. पण आधीं तें भरलेलें आहे कीं नाहीं, हें पाहावें. ज्या घरांत सध्यां कोणी दोन जिवांची आहे, तेथल्या वडील स्त्रियांना माझी एवढीच विनंति आहे कीं, आज रात्रीं पानें मांडतांना तिचें पान कितवें आहे तें मोजावें, आणि त्याच्याशेजारीं आपलेंहि मांडावें.