निमजच्या नामदेवरावांना

नामदेवराव,


इटलीतली सेनिओ नदी तुम्ही ओलांडलीत तिथं जेमतेम १५ फूट रुंद. पण पाणी छातीला लागणारं, दोन्ही बांध ३०-३५ फूट उंच आणि कड्यासारखे उभे. जर्मनांनी ते पोखरून आत ठाणी केलेली, पूर्वेच्या बांधाच्या आतल्या उतारावर सुरुंग पेरलेले. ९ एप्रिल १९४५ च्या संध्याकाळी तुम्ही मराठा लाइट इन्फंट्रीच्या एका कंपनीचे रनर होता. काम निरोप पोचवण्याचं. पाण्यातून पश्चिमेच्या काठाला लागलात आणि पाठीमागून, नुकत्याच ओलांडलेल्या बांधातून, मशीनगन सुरू झाल्या. कंपनी कमांडर आणि दोन जवान जखमी, तुमच्याबरोबरचे बाकीचे ठार. धडधाकट उरलात एकटे तुम्ही.

तिथंच आडोसा धरला असतात, तरी कुणी नावं ठेवली नसती. तुम्ही एका जखमीला उचललंत, पाण्यातून, सुरुंगांमधून, गोळ्या येत होत्या तोच बांध चढून पलीकडे पोचवलंत. मग पुन्हा खाली उतरून दुसऱ्याला आणलंत.

तिसऱ्यांदा निघालात ते मशीनगनवर. पहिलं ठाणं टॉमी गननं गप्प केलंत. हाताला गोळी लागली, बंदूक चालेना, तेव्हा ती फेकून हातबॉम्ब घेतलेत. ते संपले तर सरपटत बांधाच्या माथ्यावर जाऊन साथीदारांकडून आणखी आणलेत आणि उरलेली दोन ठाणीही संपवलीत. मग तोफगोळे पडत असताना बांधावर उभं राहून मराठ्यांची रणगर्जना दिलीत, कंपन्यांना पुढं बोलावलंत.

मला त्या पहिल्या दोन फेऱ्या मोठ्या वाटतात. मेलेल्या साथीदारांचा सूड माणसाला मशीनगनवर नेऊ शकतो. पण अंगावर जखमी माणूस असताना बंदूक चालवता येत नाही, सूडही उगवता येत नाही.

तुम्ही साहेबाच्या फौजेत लढलात, म्हणून काहींना तुमचं कौतुक करणं अवघड जातं. पण तुम्ही बांधापलीकडे नेलीत ती तुमच्या कंपनीतली माणसं. त्यांच्या जिवावर कुठल्या राजाचा शिक्का नव्हता.

त्या युद्धात तुमच्या रेजिमेंटला दोन व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले, दोन्ही इटलीत. एक तुम्हाला, दुसरा यशवंत घाडगेंना. घाडगे परतले नाहीत. तुम्ही परतलात, १९८४ पर्यंत जगलात. भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना तुमची कथा सांगणाऱ्यांनी आधी जखमींच्या फेऱ्या सांगाव्यात, ठाणी नंतर. तुमच्या शौर्याचा क्रम तोच होता.

आपला,
एक वाचक