पेन्सिलने भरलेल्या खोल्या

‘म्हणजे नक्की काय जमवतेस तू?’

हा प्रश्न मला तीन सुरांत विचारला जातो. मित्रमैत्रिणींच्या सुरात कुतूहल असतं, आईच्या सुरात काळजी आणि घरमालक काकांच्या सुरात वाळवीची भीती. उत्तर मात्र एकच. मी मॉड्यूल्स जमवते. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाची जुनी, पातळ, मधोमध पिना मारलेली पुस्तकं. वयाने त्यातली बरीचशी माझ्यापेक्षा मोठी.

2016 साली ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ आली आणि माझं समजावण्याचं काम निम्मं झालं. ‘ती पोरं तळघरात बसून जे खेळतात ना, ते!’ एवढं म्हटलं की पुरतं. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. एक जण गोष्ट चालवतो, तो डन्जन मास्टर. बाकीचे चार-पाच जण त्या गोष्टीतली पात्रं. कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. ‘मी दार ढकलते’ म्हणायचं, वीस पैलूंचा फासा टाकायचा आणि दारामागे काय आहे ते ऐकायचं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 1974 मध्ये हा खेळ आणला. कंपनीचं नाव टीएसआर, गाव लेक जिनिव्हा. स्वित्झर्लंडमधलं नव्हे, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधलं.

आता विचार करा, दर शनिवारी नवीन गोष्ट रचायची म्हणजे काय ताप आहे! म्हणून टीएसआरने 1978 पासून तयार साहसं छापायला सुरुवात केली. तीच ही मॉड्यूल्स. नाटकाच्या संहितेसारखी, फक्त यात नेपथ्य आणि खलनायक लिहिलेले असतात आणि नायकांचे संवाद नसतात. ते तुम्ही बोलायचे.

वस्तू म्हणूनही ही पुस्तकं भन्नाट असतात. सुरुवातीच्या मॉड्यूल्सचं कव्हर आतल्या पानांना जोडलेलंच नसायचं. सुटं. त्याच्या आतल्या बाजूला फिकट निळ्या शाईत भुयारांचा नकाशा. ते कव्हर टेबलावर उभं केलं की झाला पडदा. मास्टरला नकाशा दिसतो, समोरच्यांना फक्त चित्र. किती साधी आयडिया! ठाण्याच्या पावसाळ्यात मात्र या साधेपणाची वाट लागते. पिना गंजतात आणि पानांवर तांबूस डाग उमटतात. त्यामुळे जून ते सप्टेंबर माझं कपाट म्हणजे सिलिका जेलच्या पुड्यांचं गोदाम असतं. नवीन बूट घेतलेल्या प्रत्येक मैत्रिणीकडून मी त्या पुड्या वसूल करते.

प्रत्येक मॉड्यूलची आपली एक ख्याती असते. ‘टूम्ब ऑफ हॉरर्स’ घ्या. गायगॅक्सने हे 1975 च्या ‘ओरिजिन्स’ संमेलनातल्या स्पर्धेसाठी रचलं, छापलं गेलं 1978 मध्ये. आपलं पात्र मरूच शकत नाही अशा मिजाशीत वावरणाऱ्या खेळाडूंसाठी खास. सोबत चित्रांची एक वेगळी पुस्तिका. खेळाडू नव्या जागी पोचले की मास्टरने ते चित्र समोर धरायचं. त्यात भिंतीवर एक हिरवा राक्षसी चेहरा आहे, आ वासलेला. आत मिट्ट काळोख. त्या तोंडात शिरणारा संपला, फासा टाकायचीही संधी नाही. आमच्या ग्रुपमधला सीए, जो म्युच्युअल फंडाचं माहितीपत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो, तो ‘मी आत जातो’ म्हणून मोकळा झाला होता. पंधरा मिनिटांत खेळ खल्लास. उरलेली संध्याकाळ त्याने सगळ्यांसाठी ऑम्लेट करण्यात घालवली.

किंवा 1983 चं ‘रेव्हनलॉफ्ट’, ट्रेसी आणि लॉरा हिकमन या नवरा-बायकोने लिहिलेलं. व्हॅम्पायरचा किल्ला. त्याला हरवायला लागणाऱ्या वस्तू किल्ल्यात कुठे आहेत हे साध्या पत्त्यांच्या कॅटवरून ठरतं, त्यामुळे तीच गोष्ट दुसऱ्यांदा खेळलात तरी वेगळी निघते. आणि संग्राहकांचं सर्वांत लाडकं, ‘पॅलेस ऑफ द सिल्व्हर प्रिन्सेस’. जीन वेल्सने लिहिलेली 1981 ची नारिंगी कव्हरची आवृत्ती कंपनीने बाजारात येता येताच मागे घेतली. मग टॉम मोल्डव्हेकडून नवी लिहून घेऊन हिरव्या कव्हरमध्ये काढली. निसटलेल्या थोड्या नारिंगी प्रती आज सोन्याच्या भावाने जातात. माझ्याकडे अर्थात हिरवी आहे. फ्रीलान्सरने नारिंगीची स्वप्नं बघू नयेत.

पण मला सांगायचंय ते एका वेगळ्याच पुस्तकाबद्दल. माइक कारचं ‘इन सर्च ऑफ द अननोन’. मॉड्यूलचा क्रमांक बी 1. हे नवशिक्या मास्टरसाठी लिहिलेलं आहे. दोन मजली भुयारी गढी, तिचं नाव क्वास्क्वेटन. रोगान नावाचा योद्धा आणि झेलिगर नावाचा जादूगार यांनी बांधलेली. प्रत्येक खोलीचं वर्णन छापलंय. स्वयंपाकघर आहे, चौदा कुंडांची एक विचित्र खोलीही आहे. पण बऱ्याच खोल्यांच्या वर्णनाखाली दोन रिकाम्या ओळी आहेत. एक राक्षसासाठी, एक खजिन्यासाठी. मागे यादी दिलीय, तिच्यातून निवडून तुम्हीच भरा. म्हणजे हे पुस्तक दुकानातून अर्धवटच घरी येतं.

माझी प्रत आणली आतेभावाने. दादा मिलवॉकीत असतो. दर दिवाळीला बॅगेत बदाम, चॉकलेटं आणि माझ्यासाठी एखादं मॉड्यूल. ‘हे जवळजवळ फुकटात मिळालं गं,’ तो म्हणाला होता, ‘कुणीतरी लिहून लिहून खराब केलंय.’

उघडून बघते तर सगळ्या रिकाम्या ओळी पेन्सिलने भरलेल्या! म्हणजे जवळजवळ सगळ्या. अक्षर लहान मुलाचं. स्वयंपाकघरात त्याने ऑर्क्स बसवलेत. एका कोठडीत आधी पन्नास सोन्याची नाणी लिहिली, मग खोडून वीस केली. वाटलं असणार, फार होतात. शेवटच्या पानावर पाच पात्रांची नावं, त्यातल्या दोघांवर काट. कुठल्या खोलीत गेले ते, हे मी नकाशावर बोट फिरवत अनेकदा शोधलंय. तेव्हा तो बारा वर्षांचा असेल तर आता साठीला टेकला असेल. की असेल ‘ती’? अक्षरावरून कळत नाही.

संग्राहकांच्या जगात मात्र अशा प्रतीला शून्य भाव. तिथे सगळा फंडा कोरेपणाचा. मूळ प्लॅस्टिकच्या वेष्टनात असेल तर उत्तम, उघडलेलं पण न हाताळलेलं असेल तर चांगलं, कुणी लिहिलेलं असेल तर कचरा. मला हा हिशोब कळतो. चटकन पटत नाही, पण कळतो.

गेल्या मे महिन्यात तो हिशोब माझ्याच दारात आला. एका क्लायंटने चार महिन्यांचे पैसे थकवले होते. ‘अकाउंट्सशी बोलतोय’ हे वाक्य ऐकून ऐकून पाठ झालं होतं आणि घरभाडं पाच तारखेला द्यायचं होतं. बंगळुरूच्या एका संग्राहकाला फोन केला. त्याने व्हिडिओ कॉलवर एकेक प्रत तपासली, कोपरे, पिना, कण्याजवळची घडी. सात मॉड्यूल्स घेतली. त्यात माझं ‘रेव्हनलॉफ्ट’ गेलं. अगदी स्वच्छ प्रत होती ती, मीही तिला जपून जपून हात लावायचे. एका महिन्याचं भाडं आणि लाइटबिल निघालं.

बी 1 मी सहज कॅमेऱ्यासमोर धरलं. ‘ही? बाकीच्यांबरोबर दोनशेला घेतो. पेन्सिल नीट खोडता आली तर पाचशे.’

खोडता आली तर! मी ते पुस्तक परत कपाटात ठेवलं. दोनशे रुपयांची तेव्हा गरज नव्हती असं मुळीच नाही.

जुलैमध्ये आमच्या ग्रुपमधल्या बँकवालीची डब्लिनला बदली ठरली. आम्ही पाच जण चार वर्षं एका शनिवाराआड खेळतोय. कुणाचं लग्न, कुणाचं अप्रेझल, कुणाच्या बाबांची बायपास, सगळं मध्ये येऊन गेलं, पण खेळ मोडला नव्हता. तिच्या हातात सहा शनिवार होते. म्हटलं, बी 1 खेळू या. नियम नवे वापरू, गढी जुनी.

त्या अमेरिकन पोराने नऊ खोल्या रिकाम्या सोडल्या होत्या. का, देव जाणे. कंटाळला असेल किंवा खेळणारे मित्र दुसऱ्या गावी गेले असतील. त्या खोल्यांसाठी मी एक नियम काढला. रिकामी खोली लागली की फासा टाकायचा, ज्याचा आकडा मोठा त्याने ती भरायची आणि तेवढ्या वेळापुरतं मास्टर व्हायचं. माझ्या खुर्चीत बसायचं, कव्हरच्या मागे. लिहायचं मूळ प्रतीतच, पेन्सिलने.

‘अगं, वेडी आहेस का? झेरॉक्स काढ ना,’ आर्किटेक्ट म्हणाली. तिचा हात पुस्तकावर टेकवताना चक्क थरथरत होता. मग तिने एवढ्या बारीक अक्षरात लिहिलं की वाचायला मोबाइलचा टॉर्च लावावा लागला.

सीएने खजिना ठेवला आणि त्यावर तीस टक्के कर लावला. टेस्टरने अशी खोली केली की जिच्यात काहीच घडत नाही, आणि आम्ही अर्धा तास भिंती ठोकत बसलो. बँकवालीच्या खोलीत एक मेलेला रखवालदार होता. तो तलवार उपसत नाही, ओळखपत्र मागतो. आणि एक दिलं की पत्त्याचा पुरावा मागतो. आमचा योद्धा त्या खोलीत शेवटी दमून बसला, मेला नाही इतकंच.

आता प्रत्येक पानावर दोन पेन्सिली आहेत. जुनी, करड्या रंगाची, पुसट. आणि आमची, गडद. बंगळुरूवाल्याला फोटो पाठवला. त्याने फक्त हात जोडल्याची इमोजी पाठवली.

सहाव्या शनिवारी गढीचा खालचा मजला अर्धा राहिला आणि तिची टॅक्सी आली. खालच्या मजल्यावर दोन खोल्या अजून कोऱ्या आहेत. पुढच्या वर्षी ती सुट्टीवर येईल तेव्हा बघू म्हणतोय. तोवर पुस्तक कपाटात आहे, सिलिका जेलच्या चार पुड्यांसकट. पाचवी तिनेच दिली, विमानतळावर, डब्लिनसाठी घेतलेल्या बुटांतून काढून.