करिंथचे न्यायासन

ग्रीस देशाला जावयाचे ठरले तेव्हा स्नेहीमंडळींनी आम्हां उभयतांना एकच प्रश्न विचारला : काशी-रामेश्वर सोडून या वयात हे कसले तीर्थाटन? हैदराबादेत तीस वर्षे काढलेल्या मराठी माणसांना असल्या प्रश्नांची सवय असते. आपण कुठले आणि येथे कशासाठी, याचे उत्तर ती जन्मभर देतच असतात. ‘पार्थेनॉन पाहावयाचे आहे’ असे सांगून आम्ही वेळ मारून नेली. ते खोटे नव्हते. पण पुरते खरेही नव्हते.

पार्थेनॉन पाहिले. इ. स. पू. 447 मध्ये बांधावयास घेतलेले अथीना देवीचे हे मंदिर पुढे ख्रिस्ती देवालय झाले, मग मशीद झाली, आणि 1687 मध्ये व्हेनिसच्या तोफांच्या माऱ्याने आतील दारूचा साठा पेटून भग्न झाले. परंतु आमची सकाळ गेली ती त्या गडाच्या कुशीतल्या अरीयपग नावाच्या उघड्या खडकावर. शतकानुशतकांच्या पावलांनी तो दगड असा गुळगुळीत झाला आहे, की एकमेकांचा हात धरल्याखेरीज पाऊल टाकवत नाही. नाव ठाऊक नसलेल्या देवासाठी अथेन्सकरांनी उभारलेल्या वेदीचा दाखला देऊन पौलाने जे भाषण केले, ते येथलेच अशी परंपरा आहे. काहींनी थट्टा केली, काहींनी पुढे पाहू म्हटले, थोड्यांना ते पटले. खडकाच्या पायथ्याशी ब्राँझच्या पाटीवर तो सारा उतारा ग्रीक अक्षरांत कोरलेला आहे. अनोळखी देवालाही जागा राखून ठेवणाऱ्या त्या नगराचे आम्हांला कौतुक वाटले, आणि लगोलग थोडी लाजही वाटली.

त्या लाजेचे कारण आता सांगितले पाहिजे. तीन वर्षांपूर्वी आमच्या एकुलत्या एका मुलाने वसईच्या एका ख्रिस्ती मुलीशी विवाह केला. मुलगी मराठीच बोलणारी, आमच्याहून अधिक ठसक्यात बोलणारी. विवाह चर्चमध्ये झाला. आम्ही गेलो नाही. लग्नपत्रिकेच्या शिरोभागी ‘करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय 13’ एवढेच छापले होते. ती पत्रिका आम्ही फाडली नाही, की कोणाला दाखविलीही नाही; ती कपाटात कपड्यांच्या घडीखाली पडून राहिली. एके दिवशी आमच्यांतल्या एकाने बायबल मिळविले आणि दुसऱ्याने ते मोठ्याने वाचले. प्रेमाविषयीचा तो लहानसा अध्याय संपल्यावर आम्ही कितीतरी वेळ एकमेकांशी बोललो नाही. हे पत्र ज्या गावाला लिहिले गेले ते गाव पाहावे, एवढीच आमच्या यात्रेची खरी प्रेरणा.

अथेन्सहून करिंथ सुमारे 80 किलोमीटर. वाटेत 1893 मध्ये खुला झालेला तो अरुंद, खोल कालवा ओलांडावा लागतो. इ. स. पू. 146 मध्ये रोमनांनी हे नगर बेचिराख केले आणि इ. स. पू. 44 मध्ये जूलियस सीझरने ते पुन्हा वसविले. म्हणजे पौल आला तेव्हाचे करिंथ हे बाहेरून आलेल्यांचे गाव होते. अपोलोच्या जुन्या मंदिराचे सात अखंड दगडी खांब अजून उभे आहेत, आणि मागे करिंथच्या किल्ल्याचा डोंगर. चौकाच्या मध्यावर एक उंच दगडी चौथरा आहे. हेच न्यायासन. इ. स. 51 च्या सुमारास गल्लियो नावाचा सुभेदार, तत्त्वज्ञ सेनेकाचा भाऊ, येथे बसला असता पौलाला त्याच्यापुढे ओढून आणले. त्याच्या अधिकाराचा काळ डेल्फी येथे सापडलेल्या शिलालेखामुळे कळतो. हा वाद तुमच्या शब्दांचा, नावांचा, तुमच्या शास्त्राचा. त्याचा न्याय मी करणार नाही, अशा आशयाचे बोलून गल्लियोने सर्वांना घालवून दिले. त्याला प्रेमाचे काही पडले होते असे नाही; कदाचित तो नुसता कंटाळला असेल. पण निवाडा करावयाचा नाही एवढे शहाणपण त्याला सुचले. आम्ही मात्र आमच्या बैठकीच्या खोलीत बसून नावांवरून निवाडा दिला होता.

उन्हाने थकून आम्ही शेजारच्या वस्तुसंग्रहालयात शिरलो. तेथे अस्क्लेपियस या आरोग्यदेवतेला वाहिलेल्या भाजक्या मातीच्या अवयवांची मांडणी आहे : हात, पाय, कान, स्तन. ज्याचे जे दुखले, बरे झाले, त्याने ते घडवून देवाला दिले. पौलाच्या येण्याआधीची ही चारशे वर्षांपूर्वीची कृतज्ञता. एका लहानशा पायापाशी आम्ही दोघेही एकदम थांबलो.

आमचा मुलगा पाच वर्षांचा असताना त्याच्या पायाला दुखणे जडले होते. आम्ही तेव्हा मुंबईत राहत होतो. डॉक्टर झाले, देव झाले, आणि अखेरीस शेजारणीच्या सांगण्यावरून आम्ही वांद्र्याच्या मोतमाउलीला नवस बोललो. पाय बरा झाला. चर्चबाहेरच्या टपरीवरून मेणाचा एक पाय विकत घेऊन, रांगेत उभे राहून, आम्ही तो माउलीपुढे ठेवला. त्या वेळी तिचा धर्म आम्हांला आड आला नाही. त्याच पायांनी चालत मुलगा चर्चच्या वेदीपाशी गेला, तेव्हा तो आड आला!

त्याच पत्रात तेराव्या अध्यायाच्या आधी पौलाने माणसांच्या समूहाला शरीराची उपमा दिली आहे : अवयव अनेक, देह एक. डोळ्याने हाताला ‘तू नकोस’ म्हणून कसे चालेल? मातीचे ते सुटे अवयव पाहताना ती उपमा आम्हांला प्रथम कळली.

गावात झाडाच्या सावलीत बसून आम्ही एक चित्रकार्ड घेतले. पौलाची पत्रे कोणाकडून, कोणास आणि मग आशीर्वाद, या क्रमाने सुरू होतात. आपल्या जुन्या मराठी पत्रांची रीतही तशीच. तीन वर्षांत आम्ही त्या मुलीला ना नावाने हाक मारली होती, ना नात्याने. कार्डावर दोघांनी मिळून मायना लिहिला : ‘चि. सौ. सूनबाईस, अनेक उत्तम आशीर्वाद.’ पुढे काय लिहावे ते सुचेना. शेवटी ‘करिंथ पाहिले. यावयास उशीर झाला,’ एवढेच लिहिले.

कार्ड आमच्या परतण्यानंतर नऊ दिवसांनी पोचले. दहाव्या दिवशी दूरध्वनी वाजला. तिने विचारले, ‘आई, बाबा, जेवलात का?’